लिफ्टने वर, सायकलने खाली: बाप-लेकाने नेमकं कुठे जावं?

म्हापशाच्या एका गृहस्थांनी विचारलंय. मुलगा १४ वर्षांचा, नववीत. दोन वर्षं हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली डोंगरी सायकल) चालवतो, घराजवळच्या डोंगरावर मित्रांबरोबर उड्या मारतो. गृहस्थ स्वतः ४६ वर्षांचे, रोज सकाळी हायवेवर ३० किलोमीटर रोड सायकल. दोघांनी एकदा आठ-दहा दिवस अशा ठिकाणी जायचंय, जिथे लिफ्ट सायकलीसकट वर नेते आणि आपण फक्त खाली यायचं. मुलगा म्हणतो कॅनडातलं व्हिस्लर, वडिलांना आल्प्स बरं वाटतं, आणि घरातून मत आलंय की दोघेही वेडे आहेत. कुठे जावं?

वहिनींचं मत तूर्त बाजूला ठेवू. फोंड्यात माझं सायकलचं दुकान आहे, १६ वर्षं झाली. पाऊस ओसरला की मुलांना उतार शिकवतो. लिफ्टच्या बाइक पार्कांत आजवर पाच वेळा गेलो, त्यातल्या दोन वेळा माझ्या मुलीबरोबर. तेव्हा जे सांगतोय ते बऱ्यापैकी अंगावर घेऊन शिकलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. मुलाला झेपेल अशी जागा मिळाली की काम झालं, असं तुम्हाला वाटतंय. मुलाची काळजी नको. १४ वर्षांचं पोर रोज १०-१२ फेऱ्या मारून आठवड्यात इतकं सुधारतं की ओळखू येत नाही. काळजी तुमची आहे. तुम्ही त्याच्या वेगाने सुधारणार नाही. तिसऱ्या दिवशी तो डोंगराच्या एका अंगाला आणि तुम्ही खाली कॅफेत त्याचा फोन यायची वाट बघत, असं होतं. माझं झालंय. इतका खर्च करून बाप-लेक जेवायच्या टेबलापुरतेच भेटले.

म्हणून जागा निवडताना मी एकच कसोटी लावतो. एकाच लिफ्टच्या माथ्यावरून एक सोपी आणि एक अवघड अशा दोन वाटा निघतात का, आणि त्या दोन्ही खाली त्याच लिफ्टच्या दाराशी येतात का? तसं असेल तर तो त्याच्या वाटेने येतो, तुम्ही तुमच्या वाटेने येता, तो पाच मिनिटं आधी पोचून फुशारकी मारतो, आणि पुढची दहा मिनिटं दोघे एकाच पाळण्यात बसून वर जाता. खरं सांगायचं तर या सहलीत बोलणं होतं ते तिथेच. घरी दाराआड मोबाइल घेऊन बसणारा मुलगा लिफ्टमध्ये कुठे पळणार?

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग, आणि तो आधी सुट्टीचाच. आल्प्सच्या बऱ्याच लिफ्ट जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालतात. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळा. म्हणजे त्यांचा हंगाम आणि आपला अभ्यास बरोब्बर एकमेकांवर येतात. मध्ये एकच फट उरते ती चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीची. पण गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची सोडून मुलगा आणि बाप ऑस्ट्रियात सायकल चालवताहेत, हे गोव्यात कोणत्या घरात खपेल? मी एकदा घरी नुसता विषय काढला होता. पुन्हा काढला नाही.

तेव्हा तुमच्या हातात मे महिना, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ, एवढंच. या तीन फटींत काय बसतं ते बघू.

व्हिस्लर आधी, कारण चिरंजीव तेच म्हणतात. कॅनडातलं हे पार्क १९९९ पासून नीट चालू आहे आणि या खेळातली पंढरीच म्हणा. 'ए-लाइन' नावाच्या वाटेचे व्हिडिओ तुमच्या मुलाने किमान पन्नासदा पाहिले असतील. सोप्या वाटाही तिथे भरपूर आहेत, माझ्या कसोटीला ते पूर्ण उतरतं. अडचण मे महिन्याची. पार्क मेच्या मध्याला उघडतं, पण तेव्हा डोंगराचा खालचा भागच खुला असतो, वरच्या अंगावर बर्फ असतं. सगळ्यात वरून, म्हणजे गावापर्यंत दीड हजार मीटर उतरण्याची जी मजा आहे ती भर उन्हाळ्यातली. शिवाय गोव्याहून व्हँकुव्हरपर्यंतचा प्रवास, साडेबारा तासांचा वेळेचा फरक आणि त्यानंतर दोन तास गाडी. आठ दिवसांतले दोन झोपेतच जातात, आणि अर्धवट झोपेत उतारावर जाणं हा मूर्खपणा आहे. मुलाला सांगा, व्हिस्लर बारावीनंतर, जुलै-ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा बापाला नेलं नाहीस तरी चालेल.

मे महिन्यासाठी माझं पहिलं बोट ऑस्ट्रियातल्या लिओगांगवर. साल्झबुर्ग किंवा म्युनिकला उतरायचं, पुढे रेल्वेने थेट गावात. बाकीचे आल्प्स झोपलेले असतात तेव्हा, मेच्या मध्यापर्यंत, हे उघडतं आणि जवळजवळ नोव्हेंबरपर्यंत चालतं. शेजारच्या झालबाखच्या लिफ्ट त्यानंतर हळूहळू सुरू होतात, त्यामुळे मेमध्ये फक्त लिओगांगचा हिशेब धरा. २०१२ आणि २०२० ची जागतिक स्पर्धा इथे झाली हे ऐकून घाबरू नका. स्पर्धेची वाट वेगळी, तिच्याकडे तुम्ही कुंपणावरून बघायचं. तुमच्यासाठी 'स्टाइनबर्ग लाइन' आहे: लांब, वळणांना चांगले बांध, कुठेही अचानक खड्डा नाही. मुलाला 'फ्लाइंग गँगस्टर' या वाटेकडे सोडा. पायथ्याशी नवशिक्यांसाठी छोटं मैदान आहे. पहिला अर्धा दिवस तिथेच काढा, लाजू नका. तिथे चार वर्षांची पोरं तुमच्या बाजूने सुसाट जातील, त्याकडे दुर्लक्ष करायचं.

दुसरा पर्याय जपान, आणि हा फारसा कुणी सुचवत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. नागानो प्रांतात फुजिमी पॅनोरामा म्हणून जागा आहे. टोकियोहून चुओ लाइनच्या गाडीने फुजिमी स्टेशनला उतरायचं. गोंडोला (बंद पाळण्यांची लिफ्ट), साधारण ७०० मीटरचा उतार, आणि हंगाम एप्रिलच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे मे आणि दिवाळी दोन्ही जमतात. वेळेचा फरक साडेतीन तासच, पोचलात की दुसऱ्या दिवशी सायकलवर. मेचा पहिला आठवडा मात्र टाळा, त्यांची गोल्डन वीकची सुट्टी असते आणि अख्खा देश बाहेर पडतो. खाण्याचं म्हणाल तर मासे खाणाऱ्या गोंयकाराची चंगळ, फक्त सोमवारी शिवराक (शाकाहार) पाळत असाल तर पंचाईत, कारण साध्या सूपलाही सुक्या मासळीचा अर्क असतो.

नाताळात जायचं तर न्यूझीलंड, तिथे तेव्हा उन्हाळा. रोटोरुआला गोंडोलाही आहे आणि शेजारच्या फाकारेवारेवा जंगलात सायकलच्या वाटांचं जाळं आहे, तिथे शटल बसही चालते. बापाचे हात दुखले तर दोघांनी ल्यूजच्या छोट्या गाड्यांवर बसून डोंगर उतरावा. वाटा छान, माती मऊ, पण प्रवास दूरचा आणि नाताळात तिकिटांचे भाव डोळे पांढरे करणारे. फ्रान्समधलं ले जे आणि मॉर्झिन माझं सगळ्यात लाडकं, पण ते जूननंतरचं, म्हणून तुमच्यासाठी बाद. कधी गेलात तर ले जेच्या शावान बाजूला राहा, मॉर्झिनच्या प्लेनेवर पहिल्या दिवशी जाऊ नका. मुळं, उभा उतार आणि ब्रेक मारून मारून पडलेल्या खळग्या, हात खिळखिळे होतात.

भारतात का नाही, असंही मनात आलं असेल. गुलमर्ग, औली, सोलंग इथे रोपवे आहेत, पण ते पर्यटकांसाठी आणि बर्फातल्या खेळांसाठी. सायकल टाकून वर जा, रंगांनी क्रम लावलेल्या बांधीव वाटांनी उतरा, पडलात तर गस्तवाले येतील, अशी सगळी सोय एका जागी माझ्या पाहण्यात नाही. मनालीकडे जीपने वर जाऊन उतरता येतं आणि ते सुंदर आहे, पण ते नैसर्गिक डोंगर आहेत. रोड सायकलवाल्या बापाने तिथून सुरुवात करू नये.

रंगांवरून आठवलं. युरोपात हिरवा, निळा, लाल, काळा असा चढता क्रम असतो. अमेरिका-कॅनडात लाल नाहीच, निळ्यानंतर थेट काळा. म्हणजे व्हिस्लरचा निळा हा फार मोठा डबा आहे, त्यात सोपंही येतं आणि युरोपात ज्याला लाल म्हणतील तेही येतं. मुलं लाल पाटीवर उभं राहून फोटो काढतात, काढू द्या. तुम्ही पहिले दोन दिवस निळ्यावर. आणि मुलाने दर सकाळी पहिली फेरी तुमच्याबरोबर निळ्यावरच मारायची, हा करार घरून निघतानाच करा. ओलं आहे का, काल रात्री काही बदललंय का, हे त्या फेरीत कळतं.

आता तुमच्या ३० किलोमीटरबद्दल. त्याने पायात आणि छातीत दम येतो, तो इथे उपयोगाचा नाही, चढायचं लिफ्टने आहे. इथे थकतात ते तळवे, मनगटं, कोपरापर्यंतचे स्नायू आणि उभं राहून राहून मांड्या. रोडवाला माणूस सीटवर बसतो. उतारावर बसलात की प्रत्येक दगड कंबरेत येतो. आकडा लक्षात यावा म्हणून सांगतो: पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत साडेतीनशे मीटरच्या आसपास. लिओगांगला दरीतून वरच्या स्टेशनपर्यंत ९०० मीटरच्या वर. म्हणजे एक फेरी म्हणजे अडीच चंद्रनाथ, आणि दिवसात अशा सहा-सात.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मुलीने कपाकडे हात नेला आणि बोटं मिटेनात. कप दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून, लहान बाळासारखं, तिने चॉकलेट प्यायलं. मी हसलो. तासाभराने माझीही तीच गत.

पण तिच्या हातांचं कारण वेगळंच होतं, आणि ही चूक माझी. भाड्याची सायकल घेताना काउंटरवरच्या माणसाने तिची उंची विचारली, वजन विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मी १६ वर्षं सायकली दुरुस्त करणारा माणूस! ती म्हणत राहिली, बाबा, हाताला झटके बसतात. मी म्हटलं, सवय नाही, होईल. दुसऱ्या दिवशी जेवताना सायकल बाकाला टेकलेली होती आणि माझी नजर फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, हवेवर दबून दणके झेलणाऱ्या दांड्यांवर गेली. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक रबरी कडं असतं, दणका बसला की ते वर सरकतं आणि फोर्क किती दबला ते दाखवतं. दिवसभर दगडांवरून उतरून ते कडं अर्ध्यापर्यंतही पोचलेलं नव्हतं. ४४ किलोची मुलगी, आणि हवा ८० किलोच्या माणसाची. फोर्क दबतच नव्हता, सगळे दणके तिच्या मनगटांत. पंप मागून हवा सोडली, पुढच्या फेरीला ती ओरडत खाली आली, आनंदाने.

त्यामुळे काउंटरवर मुलाचं वजन सांगायचं, तेही हेल्मेट, पॅड, बॅग धरून. कडं खाली सरकवायचं, त्याला पेडलवर उभं करायचं, हँडल धरून, कोपरं बाहेर, सायकल तुम्ही धरायची. मग त्याने अलगद उतरायचं. कडं नळीच्या पाचव्या हिश्शाजवळ आलं तर ठीक. मागच्या शॉकला पंचवीस ते तीस टक्के. दुसरी गोष्ट, ब्रेकचा लिव्हर. लहान हाताला तो लांब असतो, मग पोरं दोन-दोन बोटं ताणून धरतात आणि हँडलवरची पकड सुटते. लिव्हरजवळ छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर आत घ्या, एका बोटाने ब्रेक लागला पाहिजे. दोन मिनिटांचं काम, पण मागितल्याशिवाय कुणी करून देत नाही.

स्वतःची सायकल विमानातून न्यावी का? मुलाची हार्डटेल तर नकोच. तुम्ही दोघांनी तिथेच पूर्ण सस्पेन्शनची, चार पिस्टनच्या ब्रेकची सायकल भाड्याने घ्या. घरून न्यायचं ते पायातले बूट, गुडघ्याचे पॅड आणि हातमोजे, कारण हे घामाने आणि मापाने आपलेच बरे. तोंड झाकणारं फुल-फेस हेल्मेट आणि पाठीचं चिलखत तिथे भाड्याने मिळतं, पण मुलाच्या डोक्याचं माप आधी घेऊन ठेवा.

पहिल्या दिवशी दोघांनी शिकवणी लावा, आणि वेगवेगळी लावा. बापाने मुलाला शिकवायचं नाही. तुम्ही "ब्रेक सोड" म्हणालात तर तो तोंड वाकडं करेल. तेच वाक्य केसांत माती घेऊन फिरणारा २२ वर्षांचा पोरगा म्हणाला की वेदवाक्य. मला याचं आधी वाईट वाटायचं. आता पैसे देतो आणि माझ्या शिकवणीला जातो.

दिवसांची आखणी सांगतो: दोन दिवस चालवा, तिसऱ्या दिवशी विश्रांती, मग पुन्हा दोन-तीन दिवस. विश्रांती म्हणजे खरीच विश्रांती, गाव बघा, तळ्यात पाय सोडून बसा. मी पाहिलेली बरीचशी पडझड तिसऱ्या दिवशी दुपारनंतरची आहे. आणि "चल, शेवटची एक" असं तोंडाने म्हणायचं नाही. मी साडेचारला म्हटलं होतं, पावणेपाचला मनगटाचं हाड मोडलं. ही अंधश्रद्धा असेल, पण माझ्या ओळखीचे सगळे उतारवाले ती पाळतात.

कागदपत्रांत दोन गोष्टी लोक विसरतात. मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी दुसऱ्या पालकाचं संमतिपत्र लागतं, नोटरी करून ठेवा. म्हणजे वहिनींचं मत शेवटी बाजूला ठेवता येणार नाही. घरात आजोबांमुळे पोर्तुगीज पासपोर्ट झालेले असतील तर युरोपचं काम सोपंच. आणि प्रवासविमा काढताना साहसी खेळांच्या कलमात माउंटन बाइकिंग, तेही उताराचं, धरलंय का ते स्वतः वाचा. बऱ्याच साध्या पॉलिसींत ते वगळलेलं असतं, आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने आणलं तर बिल काय येतं ते विचारू नका.

निघायच्या आधी इथे काय करायचं? दिवाळी ते एप्रिल असे पाच-सहा महिने तुमच्या हातात आहेत. पाऊस थांबला की आपल्या डोंगरांवर जांभ्याचे बारीक खडे सुटे होतात, गोट्यांवरून चालवल्यासारखं वाटतं. सरावाला याहून चांगलं काही नाही, त्यावर सायकल सावरायला शिकलात तर युरोपची चिकणमाती गालिचा वाटेल. मुलाची हार्डटेल घ्या, सीट पूर्ण खाली करा, दोन्ही पेडल एका रेषेत, टाच खाली, आणि उभं राहून उतरा. ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दाबला, वेग मारला, सोडला. धरून ठेवला की डिस्क तापते, पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि करपलेला वास येतो. तो वास आला की थांबा.

एक परीक्षा सुचवतो. चंद्रनाथाच्या देवळापर्यंतचा डांबरी रस्ता उजाडायच्या आत, वाहनं नसताना. वर चढून जा, किंवा गाडीत टाकून न्या, त्याचे गुण नाहीत. उतरताना एकदाही सीटवर बसायचं नाही. खाली येऊन लगेच पाण्याची बाटली एका हाताने उघडायची. उघडली तर लगेच पुन्हा वर, अशा सलग तीन वेळा. तिसऱ्यांदाही बाटली उघडली तर लिओगांगची तिकिटं काढा. नाही उघडली तर महिनाभराने परत या, आणि मुलाला सांगा, त्यानेही हीच परीक्षा द्यायची आहे. तो पहिल्या वेळीच पास होईल.